घरचा पेशंट

कॅज्युअल्टीच्या दारातून आत शिरलं की पहिलं टेबल ताईंचं. टेबलापुढे स्टूल, बाजूला वजनकाटा, टेबलावर बीपीचं यंत्र, बोटाला लावायचा चिमटा, थर्मामीटर, साखर तपासायची डबी आणि लाल, पिवळ्या, हिरव्या कार्डांचे तीन गठ्ठे. माणूस स्टुलावर बसला की दोन मिनिटांत ताई त्याच्या हातात एक कार्ड ठेवत. लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता आत, पिवळं म्हणजे अर्ध्या तासात, आणि हिरवं म्हणजे बसा बाकावर, तुम्ही काही मरत नाही. हे शेवटचं त्या तोंडाने म्हणत नसत, पण चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं असे. तेवीस वर्षं त्या याच टेबलाशी होत्या. तोंडावर सगळे त्यांना ताई म्हणत आणि पाठीमागे हवालदार. त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

मोजल्याशिवाय बोलायचं नाही, हा त्यांचा कायदा. आधी केसपेपर, मग नाडी, बीपी, श्वास, ताप, आणि जे दिसेल ते तिथल्या तिथे कागदावर. नवे डॉक्टर पुस्तकं कोळून प्यालेले असायचे. दारातूनच पेशंटकडे बघून रोगाचं नाव सांगायची त्यांना भारी हौस. ताई शांतपणे म्हणायच्या, आकडे काय म्हणतात ते आधी बघू, मग तुमचं ऐकू. पहिल्या महिन्यात डॉक्टर चिडायचे, दुसऱ्या महिन्यापासून गपगुमान टेबलाशी येऊन कागद मागायचे.

बायकांसाठी आणखी एक कलम होतं. बारा ते पंचावन्न वयातली कुठलीही बाई पोटात दुखतंय म्हणून आली, चक्कर आली म्हणून आली, की तिला विचारायचं, पाळी कधी आली होती. ती काय सांगते ते ऐकून घ्यायचं, लिहायचं, आणि काहीही सांगितलेलं असो, लघवी तपासायची बाटली तिच्या हातात द्यायची. यावरून नवरे भडकायचे. एका शाळकरी मुलीची आई तर ताईंच्या अंगावर धावून आली होती. ताईंनी तिचं सगळं बोलून होऊ दिलं आणि बाटली मुलीच्या हातात ठेवली. दिवस गेलेले नाहीत अशा शपथा घेणाऱ्या तीन बायका त्या बाटलीमुळे आजवर वाचल्या होत्या. गर्भ पिशवीत न राहता नळीत अडकतो, नळी फुटते आणि पोटातल्या पोटात रक्त वाहत राहतं. वरून काही दिसत नाही. बाई फक्त जरा पांढरी पडते.

या सगळ्या कायद्यातून सूट होती ती फक्त घरच्यांना. इथे काम करणाऱ्या कुणाची आई, भाऊ, मेहुणी आजारी पडली तर तिला बाहेरच्या बाकावर ताटकळत बसवायचं नाही, ही तिथली रीत. मागच्या दाराने आणायचं, ड्रेसिंगच्या खोलीत कॉटवर झोपवायचं, डॉक्टर जाता येता बघून जातील. कागद नाही, कार्ड नाही. बड्या साहेबाच्या भाच्याला रांगेत उभं करणाऱ्या ताईंना या एका सवलतीचा मात्र अभिमान होता. आपण इथे हाडं झिजवतो, एवढा तरी मान नको का, असं त्या म्हणत. आणि ही रीत पाडली होती त्यांनीच.

त्या दिवशी सकाळी साडेदहाला कॅज्युअल्टीतली आया, सगळ्यांची मावशी, टेबलाशी येऊन कानात कुजबुजली की तुमची बारकी आलीय, मागच्या दाराशी उभी आहे, तोंड उतरलंय तिचं.

बारकी म्हणजे ताईंची धाकटी बहीण. अकरा वर्षांनी लहान. आईवडील लवकर गेल्यावर ताईंनीच तिला लहानाची मोठी केली, तिच्यापायी स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं, आणि मग तिचं करून दिलं. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी वारला. तेव्हापासून धाकटी एका छापखान्यात बांधणीच्या कामावर जात होती. तिथल्या प्रूफं तपासणाऱ्या मुद्रितशोधकाबरोबर ती एकदा बसथांब्यावर हसत उभी असलेली ताईंना दिसली होती. ताई काही बोलल्या नाहीत. फक्त आठ दिवस अबोला धरला. नवव्या दिवशी धाकटीनेच फोन करून सांगितलं की तसं काही नाही, आणि ताईंनी तो विषय मनातून पुसून टाकला.

धाकटी भिंतीला टेकून उभी होती. पहाटेपासून ओटीपोटात दुखतंय, एकदा उलटी झाली, बसमध्ये डोळ्यांपुढे अंधारी आली, असं तिने सांगितलं. ताईंनी तिच्या कपाळाला हात लावला. कपाळाला हात लावणं हे त्यांच्या कायद्यात कुठेच बसत नव्हतं. टेबलाशी त्यांनी असं कुणाला कधी तपासलं नव्हतं. पण ही तर बारकी.

"उपाशी निघालीस ना घरातून?" त्या म्हणाल्या. "पित्त खवळलंय, दुसरं काही नाही. चल, पड जरा आत."

ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी पडद्यातून डोकं आत घातलं. तिशीचा माणूस, कामात हुशार, ताईंना वचकून असणारा. त्यांनी विचारलं, काय म्हणतंय. धाकटी हसून म्हणाली, बरं आहे. डॉक्टर ताईंना म्हणाले, पित्ताचं एक इंजेक्शन देऊन टाकू या का? ताई म्हणाल्या, द्या. झालं. पोटाला हात लावणं त्यांना अवघड वाटलं. ताईंची बहीण, ताई समोर उभ्या. पाळीचं तर कसं विचारणार. आणि ताईंनी विचारलं नाही, कारण त्यांना माहीत होतं. विधवा बहिणीला काय विचारायचं?

बाहेर रांग वाढली होती. ताई टेबलाशी येतात तोच दोन रखवालदारांनी एका माणसाला धरून आणलं. शर्ट ओलाचिंब, पाय लटपटत, तोंडात अखंड शिव्या. डॉक्टर लांबूनच म्हणाले, कोपऱ्यात टाका, उतरली की घरी पाठवू. ताईंनी त्याच्या शिव्या कानाआड करून बोटाला सुई टोचली. साखर अठ्ठावीस. दारूचा थेंब नव्हता पोटात. मधुमेहाची गोळी घेऊन बिचारा जेवायचा राहिला होता. लाल कार्ड. शिरेतून ग्लुकोज गेल्यावर दहा मिनिटांत तो उठून बसला आणि अत्यंत अदबीने विचारू लागला की माझा डावा बूट कुणी पाहिला का. डॉक्टरांनी कान पकडले. ताई हसल्या नाहीत, पण पुढची चार कार्डं त्यांनी जरा ऐटीत दिली.

बाराच्या सुमारास त्या आत डोकावल्या. धाकटी कुशीवर वळून पडली होती. पोटाचं जरा बरं आहे म्हणाली, पण आता खांदा दुखतोय, इथे वर, टोकाला. खोल श्वास घेतला की जास्त. ताईंच्या टेबलाशी एखाद्या अनोळखी बाईने पोट दुखतंय आणि खांद्याचं टोक दुखतंय, हे एका दमात सांगितलं असतं, तर तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत ताईंनी लाल कार्ड उचललं असतं. पोटात साठलेलं रक्त वर सरकलं की खांद्यात कळ मारते, हे त्यांनीच डझनभर शिकाऊ नर्सना शिकवलं होतं.

"छापखान्यात कागदाची रिमं उचलतेस, खांदा भरणार नाही तर काय होणार," त्या म्हणाल्या आणि खांदा चोळू लागल्या.

धाकटीने त्यांचा हात धरला. हात गार होता. ताईंना तो गार लागला, आणि वर पंखा चालू होता म्हणून त्यांनी पंखा कमी केला.

"ताई, तुझ्याशी बोलायचंय मला. पाच मिनिटं."

"बोल की."

धाकटीने पडद्याकडे पाहिलं. पलीकडे मावशी कपडे मोजत होती. ताईंचं अर्धं लक्ष बाहेर होतं. तेवीस वर्षांत त्यांचे कान रांगेच्या आवाजाला इतके सरावले होते की एखादी खुर्ची वेगळी सरकली तरी त्यांना कळे. बाहेर कुणीतरी विचारत होतं, दातांचा विभाग कुठे आहे. म्हाताऱ्या माणसाचा आवाज, मध्येच तुटणारा.

"घरी बोलू संध्याकाळी," ताई म्हणाल्या. "रात्री माझ्याकडेच राहा. गरम काहीतरी करते खायला."

"बरं," धाकटी म्हणाली.

तो म्हातारा नुसता रस्ता विचारायला आला होता. दाढ दुखतेय सकाळपासून, एवढीच त्याची तक्रार. पण चेहरा राखेच्या रंगाचा आणि गळपट्टी घामाने भिजलेली. ताईंनी त्याला दंडाला धरून स्टुलावर बसवलं, तो नाही नाही म्हणत असताना. नाडी अनियमित, बीपी खाली. हृदयाची पट्टी काढली तर झटका चालू होता, दाढेचा काही संबंध नव्हता. सगळे धावले. अर्ध्या तासाने म्हातारा वरच्या मजल्यावर पोचला, जिवंत. त्याची बायको ताईंचे पाय धरायला वाकली. ताईंनी तिला वरच्या वर धरलं आणि म्हणाल्या, अहो, हे माझं कामच आहे.

हे सगळं होत असताना धाकटी आत पंधरा पावलांवर होती. तिची नाडी कुणी मोजली नव्हती.

एक वाजता मावशीची हाक आली. धाकटी मोरीकडे जायला उठली होती आणि दारातच कोसळली होती. ओठ पांढरे, अंग गार, घामाने निथळत. ताईंनी मनगट धरलं आणि आता मात्र मोजलं. एकशे चव्वेचाळीस. बीपी वरचं सत्तर. पोटाला हात लावला तर फळीसारखं टणक. दोन अधिक दोन त्यांनी जन्मभर करून दाखवले होते, ते इथे त्यांच्या डोक्यात एकदम चार झाले आणि त्या मनातल्या मनात नाही, नाही म्हणत राहिल्या.

डॉक्टर आले. दोन्ही हातांना सलाईन लागली, पोटावर सोनोग्राफीचा दांडा फिरला. पडद्यावर जिथे आतडी दिसायची तिथे काळं दिसत होतं. सगळं पोट रक्ताने भरलेलं. डॉक्टर धाकटीच्या कानाशी वाकले. जो प्रश्न साडेदहाला विचारायचा तो त्यांनी एक वाजून दहा मिनिटांनी विचारला. दिवस गेलेत का तुम्हाला?

धाकटीने डोळे उघडले. डॉक्टरांकडे न बघता तिने ताईंकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

ताई उशाशी उभ्या होत्या. त्या नजरेत त्यांना स्वतःचाच चेहरा दिसला, आठ दिवस न बोललेला. मरणाच्या दारात पडलेली बाई खोटं बोलत होती, आणि ते त्यांच्या धाकाने.

"ताई," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर थांबा."

आजवर हे वाक्य ताईच म्हणत आल्या होत्या. आयांना, नवऱ्यांना, सासवांना. त्या बाहेर आल्या आणि पडद्याशी उभ्या राहिल्या. पडदा म्हणजे काय, एक कापड. आतलं सगळं ऐकू येत होतं. धाकटी म्हणाली, सात आठवडे झाले. पुढच्या महिन्यात लग्न नोंदवणार आहोत. आज ताईला सांगायलाच निघाले होते, तर वाटेत जास्तच दुखायला लागलं. मग म्हणाली, तुम्ही सांगू नका तिला, मी सांगते.

ट्रॉली ऑपरेशनच्या मजल्याकडे निघाली. ताई बाजूने धावत होत्या, एका हातात रक्ताची पिशवी उंच धरून. मास्कखाली धाकटीचे ओठ हलत होते. ताईंना खरं तर कान तिच्या तोंडाशी न्यायचा होता. पण तेवीस वर्षांची सवय जिभेवर होती.

"बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "श्वास घे. फक्त श्वास घे."

धाकटीने ऐकलं. ती लहानपणापासून ऐकत आलेली होती.

पावणेतीनला डॉक्टर जिना उतरून आले. लिफ्ट असताना ते जिन्याने आले, यावरूनच ताईंना कळलं. लिफ्टने लवकर पोचतो माणूस, आणि सांगायला कुणालाच लवकर पोचायचं नसतं. नळी फुटून चारेक तास झाले असावेत, ते म्हणाले. पोट उघडलं तेव्हाच हृदय थांबलं. आठ बाटल्या रक्त चढवलं. ते पुढेही काहीतरी सांगत होते, ताईंना शब्द कळत होते आणि अर्थ लागत नव्हता. शेवटी ते म्हणाले, तिने लपवलं, ताई. तुम्ही तरी काय करणार होता.

"तिला रांगेत बसवलं असतं," ताई म्हणाल्या, "तर तिने लपवून काही अडलं नसतं. मी बाटली दिली असती."

सकाळी पडद्यातून आपण फक्त डोकं आत घातलं होतं, हे डॉक्टरांनाही आठवत असणार. ताईंना त्यांचा राग येईना. रागवायला जागाच उरली नव्हती आत. दारुड्या दिसणारा वाचला, दाढवाला वाचला, मधेच कधीतरी नाकात मणी घालून आलेलं एक पोरही हसत घरी गेलं. ज्यांची नावंसुद्धा ताईंना आता आठवली नसती ती सगळी परकी माणसं त्यांच्या हातून नीट पार पडली. ज्या एका जिवासाठी त्यांनी जन्म घालवला, तिला त्यांनी मान दिला.

तीन वाजता कारकून आला आणि चाचरत म्हणाला की केसपेपर नाहीये यांचा. कागदाशिवाय पुढचं काही होणार नाही. मी भरतो, तुम्ही नुसतं सांगा. ताई म्हणाल्या, मीच भरते. त्या आपल्या टेबलाशी बसल्या. समोरच्या बाकावरची रांग त्यांच्याकडे बघत होती, आपला नंबर का लागत नाही म्हणून. त्यांनी नाव लिहिलं, वय लिहिलं, चौतीस. आल्याची वेळ, साडेदहा. तक्रार: ओटीपोटात दुखणे, उलटी, चक्कर. मग पुढचा रकाना आला. आल्यावेळची नाडी. त्याच्या खाली बीपी, श्वास, ताप. शेवटची पाळी. पेन हातात धरून त्या त्या पाच रकान्यांकडे बघत बसल्या. लिहायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं. कपाळ किती गरम लागलं ते लिहायची जागा कागदावर नसते. त्यांनी रकाने तसेच सोडले आणि खाली सही केली, एकदा परिचारिका म्हणून आणि एकदा नातेवाईक म्हणून.

मावशीने धाकटीचं सामान एका पिशवीत घालून आणून दिलं. चपला, कानातले, ओढणी, फोन. मावशी रडत होती आणि ताईंच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. मावशीला त्याचीच भीती वाटत होती. पिशवी ताईंच्या मांडीवर ठेवलेली असतानाच आत फोन वाजायला लागला. एकदा वाजून थांबला. पुन्हा वाजला. ताईंनी काढून पाहिला. नावाच्या जागी नुसतं 'प्रूफ' असं लिहिलेलं होतं.

त्यांनी फोन कानाला लावला. त्या काही बोलायच्या आतच पलीकडून एक पुरुष बोलू लागला, हळू आवाजात, छापखान्याची यंत्रं मागे धडधडत होती.

"झालं का बोलणं? सकाळपासून वाट बघतोय मी. किती फोन केले. रागावल्या का ताई? हे बघ, रागावल्या असतील तर तू काही बोलू नकोस, मी येतो तिकडे. दोघं मिळून सांगू."

"मी ताई बोलतेय," ताई म्हणाल्या.

घसा खाकरल्याचा आवाज आला. मग परीक्षेला बसलेल्या मुलासारखं त्याने विचारलं, "तिने सांगितलं का तुम्हाला?"

बाकावरची एक बाई उठून टेबलापर्यंत आली होती. ताईंनी हाताने तिला थांबायची खूण केली.

"हो," त्या म्हणाल्या. "सांगितलं."

"आणि तुम्ही..."

"मी नाही रागावले."

त्याने केवढा तरी मोठा श्वास सोडला. मग तो हसला, मोकळं, आणि हसता हसता सांगू लागला की बघा, मी तिला हेच म्हणत होतो, ताई मनाने तशा नाहीत, तूच उगाच घाबरतेस, लग्नाचं दोन महिने नुसतं आज सांगते उद्या सांगते चाललं होतं हिचं. ताईंनी त्याला बोलू दिलं. मधे एकदाही तोडलं नाही. त्याचं बोलून संपलं, आणि तो म्हणाला, देता का तिला फोन.

"तुम्ही आधी खाली बसा," ताई म्हणाल्या. "तुमच्या जवळ कुणी आहे का तिथे?"